पाव्हण्यांचा डबा, कपाटातला

प्रिय नाना,

आज आखाजी, अक्षय्य तृतीया. तू गेल्यानंतरची पहिली. सकाळी तुझ्या नावाने घागर भरली. वर वासाचं, पिकलं डांगर ठेवलं, दोन आंबे, एक सांजोरी. पाणी गार राहावं म्हणून घागरीला ओलं फडकंही गुंडाळलं. कशात कसर केली नाही. तरी उंबऱ्याशी बसल्यावर माझ्या हातून एक गोष्ट झाली, आणि ती कुणाला सांगता येईना म्हणून जेवणं आटोपल्यावर शिलाई मशीनच्या टेबलावर हे पत्र घेऊन बसले आहे. हे आत आडवे झालेत.

काय झालं ते शेवटी सांगेन. आधी मला तुझ्याशी भांडायचं आहे. तू होतास तोवर भांडायला कारण नव्हतं, आणि कारण सापडलं तेव्हा तू नव्हतास. वेळेवर पसार व्हायची तुझी सवय लहानपणापासूनचीच.

मागची आखाजी आठवते ना? वहिनी जाऊन तीन वर्षं झाली होती. तुझं घर म्हणजे डागणीचा वास, दुरुस्तीला आलेले उघडे कॉम्प्युटर आणि न धुतलेले कप. तरी तू मला माहेरी बोलावलंस. जळगावहून बस धरून धुळ्याला आले तर तू स्वतः आमरस करून बसला होतास. साखर इतकी घातली होतीस की आंबा कुठला ते कळेना. जेवताना मी म्हटलं, "नाना, ह्यांच्यासाठी घरातच थिएटर करायचं आहे. स्वस्तात होईल का रे?"

तू हसला नाहीस. आमचे हे चौतीस वर्षं टॉकीजच्या केबिनमध्ये प्रोजेक्टर चालवत होते हे तुला माहीत होतं, आणि खुर्चीत बसून त्यांनी एकही पिक्चर पाहिला नाही हेही. दर वीस मिनिटांनी रीळ बदलायचं. समोरच्या झरोक्यातून पडदा दिसायचा, पण नजर सगळी रिळावर. खाली लोक डोळे पुसायचे तेव्हा हे वर पुढचं रीळ चढवत असायचे. मग टॉकीज बंद पडली, तिथे मंगल कार्यालय झालं. एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाले, "सुमन, इतके शो केले, पण शेवट एकाचाही धड पाहिला नाही." लग्न झाल्यापासून या माणसाने स्वतःसाठी काही मागितलं असेल तर तेवढंच, आणि तेही मागितल्यासारखं नाहीच.

बाकीची तयारी मी केली होती. आमच्या गल्लीतल्या सरांनी शिकवणीचा क्लास बंद केला, त्यांचा प्रोजेक्टर घेतला. हॉलची भिंत पांढरी करून घेतली. ह्यांचा जुना अॅम्प्लिफायर होता, दोन स्पीकर होते. स्वतः वर्षानुवर्षं चालवलेले पिक्चर ह्यांनी वहीत लिहून ठेवले होते, ते एकेक शोधून हार्ड डिस्कवर जमवले होते. पण बाजारात मिळणाऱ्या, टीव्हीला जोडायच्या लहान डब्यांवर त्यातले निम्मे लागतच नव्हते. म्हणून कॉम्प्युटर हवा होता. पंधरा हजारांच्या आत. तू त्याला लगेच नाव दिलंस, पाव्हण्यांचा डबा.

तू कॅलेंडरचं पान फाडलंस आणि त्याच्या पाठीवर यादी करायला घेतलीस. ती दुपार मला फार आवडली होती, नाना. आज राग आहे तरी सांगते. तू जमिनीवर मांडी घालून बसला होतास, चष्मा नाकावर, आणि मला एकेक भाग समजावत होतास. ऑफिसांमधून निघालेला चार-पाच वर्षांचा जुना कॉम्प्युटर घ्यायचा, त्याला काही होत नाही, त्यावर फक्त पत्रं टाईप झालेली असतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नको, पिक्चर दाखवायला प्रोसेसरच्या पोटात असतं तेवढं पुरतं. चार-चारचे दोन रॅम. विंडोजसाठी लहानशी एसएसडी, पिक्चरसाठी ह्यांचीच हार्ड डिस्क. पंखा मात्र मोठा, कारण मोठा पंखा हळू फिरतो आणि आवाज करत नाही.

"बठ्ठं जुनं चाली जाई, सुमी," तू म्हणालास, "पन एसएमपीएस नवा पायजे."

मी विचारलं, बाकी सगळं जुनं चालतं, मग हे काय असतं? तू म्हणालास, आतल्या सगळ्यांना वीज वाटणारी पेटी. मी ब्लाउज शिवणारी बाई, मला माझ्याच भाषेत कळलं. म्हटलं, "म्हणजे अस्तर हलकं चालेल, पण कापड चांगलं पाहिजे, तसंच ना?"

"कापड बी हलकं चाली. दोरा चांगला पायजे. हाऊ एसएमपीएस म्हणजे दोरा शे. तो तुटना का बठ्ठं उसवनं."

मी घरी येऊन ह्यांना ते सांगितलं, तर ह्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. त्यांना फार पटलं. माझा भाऊ कसा विचार करतो याचा मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता.

मग माझ्या खेपा सुरू झाल्या. दर महिन्याला एक. सकाळची बस, एरंडोल, पारोळा, दुपारी तुझ्या दारात. ज्येष्ठात तू म्हणालास, कॉम्प्युटर मिळाला पण एसएमपीएस मनासारखा नाही. आषाढात म्हणालास, पंखा घरघर करतो, पाव्हण्यांना असला आवाज चालायचा नाही. मला पटलं. ह्यांचे कान तसेच आहेत, मिक्सर बिघडण्याआधी आठ दिवस सांगतात. मी तुझ्यासाठी लोणचं आणायचे, तुझे सदरे उसवले असतील तर टाके घालून द्यायचे, आणि रिकाम्या हाताने परतायचे. हे बसस्टँडवर घ्यायला यायचे. पिशवीकडे बघायचे आणि ती माझ्या हातून घ्यायचे.

आता पोळ्याचं बोलू. तिथे माझा खरा राग आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा चहासुद्धा न घेता तुला सगळं सांगितलं. ह्यांनी सांगू नको म्हटलं होतं. मेव्हण्यासमोर कमीपणा नको, हा त्यांचा जुना ताठा. तरी मी सांगितलं. साखरेने डोळ्यांचे पडदे खराब झालेत, इंजेक्शनं चालू आहेत, आणि डॉक्टर म्हणाले आहेत की आज दिसतंय ते उद्या दिसेलच असं नाही, जे बघायचं ते बघून घ्या. मी म्हटलं, "नाना, पंखा वाजला तर वाजू दे. जसा असेल तसा दे."

तू उठलास. भिंतीतल्या कपाटापर्यंत गेलास. कडीवर हात ठेवलास. मी पाहत होते. मला वाटलं पाण्याचा तांब्या काढतोस की काय. मग तू हात काढून घेतलास, माझ्याकडे न बघता म्हणालास, "रॅम जुळत नाही बोर्डाला. पुढच्या खेपेला नक्की."

त्या कडीवरचा तुझा हात मला आता रोज दिसतो.

आणि भाऊबीज? भाऊबीजेला तू आमच्याकडे आलास. साडी आणलीस, डबा आणला नाहीस. जेवण व्हायचं होतं, तेवढ्यात ह्यांनी तुला हॉलमध्ये बसवलं आणि प्रोजेक्टर लावला. त्याला जोडायला काही नव्हतंच, भिंतीवर नुसता निळा चौकोन पडला. हे रोज संध्याकाळी तेच करायचे, चौकोन सरळ पडतो का, कडा नीट दिसतात का ते तपासत बसायचे. तुला म्हणाले, "नाना, डावीकडची कड सरळ आहे ना बघा. मला सरळ दिसते." तेव्हा त्यांना दिसत होतं. निळा चौकोन दिसत होता, कड दिसत होती, तुझं तोंड दिसत होतं. तू म्हणालास, "एकदम सरळ, पाव्हणे." मग तू जेवलास. दोनदा भात घेतलास. तुझ्या घशाखाली तो कसा उतरला?

संक्रांतीच्या आधी ह्यांच्या डोळ्यात रक्त उतरलं. आता समोरचं दिसत नाही. कडेकडेचं थोडं कळतं, उजेड हलतो ते कळतं. माझ्याशी बोलताना ते मान एका बाजूला वळवतात, म्हणजे मी जराशी दिसते. मी तुला फोन करून सांगितलं तेव्हा तू "बरं" म्हणून फोन ठेवलास. मला वाटलं, नानाला वाईट वाटलं. तीन आठवड्यांनी तू झोपेतच गेलास. समोरच्या सोजाबाईंनी सकाळी दार वाजवलं तर आतून उत्तर नाही.

तुझे दिवस झाल्यावर घराची कागदपत्रं बघायला मी ते कपाट उघडलं. खालच्या खणात, वहिनीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, डबा होता. आडवा, काळा, आपण ठरवला होता तसाच. माझ्या डोळ्यांना धार लागली. म्हटलं, बिचाऱ्याने जाता जाता पुरा केला, द्यायचा राहून गेला.

तुझी रीत मला माहीत होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तू मार्करने ते कुणाचं आणि कधी झालं ते लिहायचास. तारीख कधीच नाही, सण. आईच्या रेडिओत तू लिहिलेलं "होळी" अजून आहे. मी तुझाच स्क्रू ड्रायव्हर घेऊन झाकण उघडलं. आत लिहिलं होतं, "पाव्हण्यांचा डबा. कानबाई."

मी ते कितीदा वाचलं कोण जाणे. कानबाई म्हणजे नागपंचमीनंतरचा रविवार. म्हणजे पोळ्याच्या आधी. मी तुझ्यासमोर पदर पसरून बोलत होते तेव्हा डबा तयार होता, कपाटात होता, आणि तुझा हात कडीवर होता.

तरीही बहिणीचं मन बघ कसं असतं. मी तिथेच बसून तुझ्या बाजूने कारण शोधून काढलं. म्हटलं, डबा दिला की सुमी यायची बंद होईल, म्हणून ठेवला. एकटा माणूस, दुसरं कोण होतं त्याला? राग आला, पण त्या रागात थोडं गोडही वाटलं. माझ्यासाठी खोटं बोलला. खोटं कशाला सांगू, मी डोळे पुसत जराशी हसलेही.

तेवढ्यात सोजाबाई चहा घेऊन आल्या. डबा बघून म्हणाल्या, "ताई, हाऊ पिच्चरना डबा तुम्ही ली जाशात का आते?"

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? त्या बिचाऱ्या सरळ बाई, त्यांनी सगळं सांगून टाकलं. रोज संध्याकाळी तू डबा तुझ्या टीव्हीला जोडायचास. गल्लीतली पाच-सहा घरं जेवणं लवकर उरकून तुझ्याकडे यायची. कुणी चिवडा आणायचं, कुणी शेंगा. रोज एक पिक्चर. ह्यांच्या वहीतल्या क्रमाने! हार्ड डिस्क मीच तुला आणून दिली होती, जोडून बघ म्हणून. आणि मी येणार असेन त्या दिवशी सकाळीच डबा लुगड्यात बांधून कपाटात जायचा.

"आम्ही म्हनूत, नाना, तुमना बहीनना डबा शे ना, मग दी टाका," सोजाबाई म्हणाल्या. "तर नाना म्हने, डबा गया का तुम्ही बी जाशात."

म्हणजे माझ्यासाठी नव्हतंच ते. मी आले काय, न आले काय. तुला घर भरलेलं हवं होतं. झाकण पुन्हा उघडून पाहिलं तर त्या मोठ्या, आवाज न करणाऱ्या पंख्यावर बोटभर धूळ. न वापरलेल्या डब्यात इतकी धूळ बसत नाही, नाना. ते माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

तुझं एकटेपण मला कळत नाही असं नाही. वहिनी गेल्यावर तुझ्या दाराशी कुणी थांबत नव्हतं हे मी पाहिलंय. पण तू मला सांगायचंस. मी माझं मशीन गहाण टाकून तुला दुसरा डबा करून दिला असता. नाहीतर ह्यांनाच तुझ्याकडे घेऊन आले असते. गल्लीसोबत बसले असते तेही, शेंगा खात. त्यांना गर्दीचीच सवय, आयुष्यभर गर्दीच्या डोक्यावर बसलेला माणूस. एवढं साधं तुझ्या डोक्यात आलं नाही? रॅम जुळतो की नाही ते तुला स्पर्शाने कळायचं!

निघताना सोजाबाईंनी विचारलं, "मग आते आमनं कसं?" मी डबा उचलला. तो मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. पारोळ्यापर्यंत मनात एकच, खिडकीतून फेकून द्यावा.

फेकला नाही. घरी आणला, वायरी मीच जोडल्या, तू शिकवलं होतंस तशा. ह्यांना खुर्चीत बसवलं आणि वहीतला पहिला पिक्चर लावला. हे कान देऊन बसले. जरा वेळाने म्हणाले, "पंख्याचा आवाज अजिबात नाही. काम चोख आहे नानाचं." मग मान वाकडी करून भिंतीकडे बघत राहिले. मी विचारलं, दिसतं का काही? म्हणाले, "रंग बरे आहेत." पिक्चर काळापांढरा होता, नाना.

वीस मिनिटं झाली तेव्हा त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, रीळ बदलायला. मग त्यांनी तो हळूच मांडीवर ठेवला. शेवटपर्यंत बसले. शेवट झाल्यावर म्हणाले, "आवाजावरून कळलं, लोक का रडायचे ते." आणि मग म्हणाले, "मरेपर्यंत झटला बिचारा आपल्यासाठी."

तेव्हापासून रोज एक पिक्चर, आणि रोज तुझं कौतुक. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते एसएमपीएस आणि दोऱ्याची गोष्ट सांगतात. मी चहा ओतत असते. दोरा कुठे कच्चा निघाला ते मला एकटीलाच माहीत आहे.

आता आजचं. तुला मूलबाळ नाही, चुलतभावांनी हात वर केले. बहिणीच्या घरी भावाची घागर भरायची पद्धत नाही म्हणून शेजारच्या दोघींनी मला सुनावलंसुद्धा. पण हे हटून बसले. "नानाची घागर माझ्या घरी भरायची. त्याने माझ्यासाठी केलं ते सख्ख्या भावाने केलं नसतं." मी घागर घासायला घेतली.

उंबरा पुसला. हे पाटावर बसून एकेका पितराचं नाव घेत होते आणि मी कुंकवाचं बोट उंबऱ्यावर ओढत होते. त्यांचे आजोबा, त्यांचे वडील, त्यांची आई. एका नावाला एक रेघ. मग त्यांनी तुझं पूर्ण नाव घेतलं. माझं बोट कुंकवात होतं. ते उंबऱ्यापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

"काढली का?" ह्यांनी विचारलं.

"काढली," मी म्हटलं.

त्यांनी हात जोडले, जिथे रेघ नव्हती तिथे. बोटावरचं कुंकू मी पदराला पुसलं.

हे झालं माझ्या हातून. त्यांना दिसत नाही याचा फायदा मी आजवर कधी घेतला नव्हता. भाजीत मीठ कमी पडलं तरी सांगते, फाटकी नोट आली तरी सांगते. आज पहिल्यांदा घेतला, आणि तोही तुझ्यापायी. कडीवरून हात काढून घेताना तुला कसं वाटलं असेल, ते मला आज सकाळी थोडं कळलं. थोडंच.

एक वचन देते, कारण आखाजीला पितराला तहानलेलं पाठवू नये म्हणतात. पोळ्याचं, कानबाईचं, गल्लीचं, यातलं एक अक्षर ह्यांच्या कानावर जाणार नाही. झाकणाच्या आतलं तुझं अक्षर मी रॉकेलच्या बोळ्याने पुसून टाकणार आहे, कुणी उघडलं तरी सापडू नये म्हणून. त्यांच्या तोंडी तुझं नाव आहे तसंच राहील. त्यांच्याकडे आता बघण्यासारखं फार उरलेलं नाही. तू चांगला होतास एवढं तरी त्यांना दिसू दे.

रेघेचं मात्र वचन देत नाही. पुढच्या आखाजीला ते पुन्हा तुझं नाव घेतील आणि पुन्हा विचारतील, काढली का. तेव्हा माझं बोट काय करतं ते बघू.

आतून हाक आली. उठलेत. पिक्चर लाव म्हणतात.

तुझ्यावर रागावलेली,
तुझीच सुमी